हनुवटीखालचा हिरवा

शहापूरच्या एसटी स्थानकामागे जी गल्ली भातगिरणीकडे वळते, तिच्या कोपऱ्यावर देवजी भेरे याची पत्र्याची शेड आहे. दारावर ‘देवजी पेंटर’ अशी पाटी आहे आणि तिच्याखाली बारीक अक्षरांत कामांची नावं आहेत. अक्षरं अजून इतकी घोटीव आहेत, की त्यांतली निम्मी कामं आता कुणी करून घेत नाही हे वाचणाऱ्याच्या चटकन ध्यानात येत नाही. फ्लेक्स आला तेव्हा देवजीने ते चार दिवसांचं खूळ मानलं. खूळ टिकलं आणि देवजीची शिडी भिंतीला टेकून राहिली. पुढे त्याने गाड्यांच्या नंबरपट्ट्या रंगवल्या. त्याही सरकारी साच्यातून येऊ लागल्या, तेव्हा शाळांच्या भिंतींवर बाराखडी आणि पाण्याच्या टाक्यांवर सुविचार लिहिण्यावर तो येऊन थांबला. साठी ओलांडलेल्या या माणसाच्या हातून गेल्या वैशाखात, फार वर्षांनी, एक चेहरा रंगवला गेला. तो रंगवून झाल्यावर जुन्या सवयीने देवजी शेडबाहेर गेला, रस्ता ओलांडून पलीकडच्या वडापावच्या गाडीपाशी उभा राहिला आणि लांबून त्याने त्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्याला फार बरं वाटलं. पुढे जे झालं त्यात हेच त्याला सर्वांत जास्त बोचत राहिलं, की त्या क्षणी त्याला बरं वाटलं होतं.

कारण तो चेहरा मुळात त्याचा नव्हता. तो नथू रोकडे यांचा होता.

नथू रोकडे धसईचे. भाताची झोडणी उरकून खळी मोकळी झाली, की मुरबाड तालुक्यात तंबूतले सिनेमे येत: सरळगावला, टोकावड्याला, पौषात म्हशाच्या जत्रेत. आभाळ भरून येऊ लागलं की तंबू उठत. तंबूच्या दाराशी बांबूच्या चौकटीवर ताणलेल्या कापडी पडद्यांवरचे चेहरे नथू काढत. मांजरपाटावर खडू आणि सरसाचं, म्हणजे हाडं-कातडी उकळून केलेल्या डिंकाचं, अस्तर, त्यावर सरसातच कालवलेले भुकटीचे रंग: गेरू, पिवडी, नीळ, काजळी. तेलरंग परवडत नसत, आणि हे पडदे पावसाळा पाहतच नसल्याने त्यांवाचून अडतही नसे. मुंबईहून सिनेमाच्या पेटीबरोबर येणारं छायाचित्र तळहाताएवढं आणि काळंपांढरं असे. त्यावर चौकोन आखून नथू ते पुरुषभर उंचीचं करत. आकार छायाचित्रातून मिळे. रंग कुठून आणायचे ते रंगवणाऱ्याने पाहायचं.

देवजी त्यांच्याकडे गेला तो अक्षरांपायी. धसईला मामाकडे राहून तो शिकत होता आणि शाळेच्या फळ्यावर रोजचा सुविचार लिहीत होता. नथूंनी तो फळा पाहिला आणि त्याला घरी बोलावलं. घर बौद्धवाडीत. मामाने जायला मना केलं नाही, जेवणाची गोष्ट तेवढी काढली. म्हणून पहिलं वर्षभर देवजी मामीने बांधून दिलेली भाकरी नथूंच्या अंगणातल्या वेलाच्या मांडवाखाली बसून खाई. नथूंची बायको जानकीबाई त्यावर कधी बोलली नाही. पाण्याचा तांब्या ती त्याच्यापासून हातभर अंतरावर ठेवी आणि आत जाई. पुढच्या वर्षी एका दुपारी आतून सुक्या बोंबलाच्या कालवणाचा वास आला आणि त्याने आपण होऊन ते मागितलं.

‘‘एवढ्याला वरीस लावलंस रे!’’ जानकीबाई म्हणाली, आणि वाढलं.

तेव्हापासून ती त्याची वहिनी झाली. त्याचं लग्न झाल्यावर ती त्याला ‘भावजी’ आणि ‘तुमी’ म्हणू लागली.

चेहरे नथूंचे, अक्षरं देवजीची अशी वाटणी होती. शिवाय हंगामाच्या तोंडावर मागच्या वर्षीचे पडदे ताजे करायचं काम असे. सरसाचा रंग वाळला तरी पाण्याला विसरत नाही. ओलं फडकं फिरवलं की खालचा रंग किंचित उठतो, त्यातच नवा मिसळायचा. ‘‘शिळं तोंड लोकांपुढं नाय टांगायचं,’’ असं नथू म्हणत आणि स्वतःचाच मागच्या वर्षीचा चेहरा निर्विकारपणे पुसायला घेत. या कामात जपून ठेवणं नावाची गोष्टच नव्हती. पडदा जितका जुना, तितके त्यात थर अधिक, आणि प्रत्येक थर खालच्याला गिळून उभा.

नथूंची एकच गोष्ट देवजीला खटके. बाईचा चेहरा काढताना ते हनुवटीखाली, मानेच्या वळणात आणि कानाच्या पाळीमागे हिरवा टाकत. निळीत पिवडी कालवून तो हिरवा देवजीच त्यांच्या हाताशी देई.

‘‘दादा, बाईच्या मानेला हिरवं?’’

‘‘दिसतं ते टाकतो रे.’’

छायाचित्रात तर काही दिसत नव्हतं. दादांच्या नजरेत दोष आहे, असं देवजीने मनाशी ठरवून टाकलं. ही समजूत त्याने कधी कुणाला बोलून दाखवली नाही, आणि म्हणूनच बहुधा ती शाबूत राहिली. पुढे स्वतः चेहरे काढू लागल्यावर त्याने सावलीला कायम गेरूत काजळी घातली. लोक म्हणत, अगदी खऱ्यासारखं आहे.

तंबू गेले, मग नथूही गेले. पडद्यांचं कुणी काही केलं नाही, कारण कापड हे कापडच होतं. कुठे ते पेंढ्यावर झाकलं गेलं, कुठे गोधडीच्या पोटात शिवलं गेलं. जानकीबाईने एक पडदा घराच्या कौलांखाली बांधला, भाताच्या कणगीत वरून धूळ पडू नये म्हणून. रंगाची बाजू खाली ठेवली. डोक्यावरून पदर घेतलेली, मान किंचित वळवलेली एक नायिका तिथून घराकडे पाहत राहिली, आणि चुलीचा धूर वर्षानुवर्षं तिच्याकडे जात राहिला. सिनेमाचं नाव वेगळ्या पट्टीवर असे. ती पट्टी कधीच गेली. चेहऱ्याखाली देवजीची अक्षरं तेवढी उरली: ‘रोज दोन खेळ’.

कुणाली पष्टे त्या घरात पोचली ती देवजीमुळेच. ती आसनगावची, मुंबईतल्या एका खासगी संग्रहालयासाठी हाताने रंगवलेल्या सिनेमाच्या जाहिराती गोळा करते. एका टाकीवरची अक्षरं पाहून ती त्याला शोधत आली होती. छापखान्यासाठी काढलेली शहरातली चित्रं तिला पुष्कळ मिळाली होती. खेड्यातल्या तंबूंसाठी, एकाच प्रतीत, स्थानिक रंगांनी काढलेले पडदे कुठेच सापडत नव्हते. ही लोककला आहे आणि तिची नोंद होण्याआधीच ती संपली, असं तिने देवजीला समजावून सांगितलं.

‘‘काका, लोक आता हे जपून ठेवतात. भिंतीवर लावतात.’’

‘‘भिंती रंगवायच्या सोडून भिंतीवर लावतात?’’ देवजी म्हणाला. पण त्या दिवसापासून तो दाढी रोज करू लागला, हे त्याच्या बायकोच्या, कमळच्या, नजरेतून सुटलं नाही.

धसईला जानकीबाईच्या जुन्या घराच्या जागी घरकुल बांधायला काढलं होतं. तिचा मुलगा महेंद्र याने कौलं उतरवली, तेव्हा पडदाही खाली आला. देवजी कुणालीला घेऊन गेला. जानकीबाईने पडद्याची घडी मांडीवर घेतली आणि आधी एकच गोष्ट विचारली.

‘‘खाली काय लिवाल?’’

‘‘नथू रोकडे, धसई.’’

‘‘हे त्यांच्याच हातचं हाय, असं बी लिवाल?’’

‘‘तेच तर मुख्य, आजी. त्यांच्या हातचं दुसरं काहीच उरलेलं नाही.’’

‘‘मंग न्या. तंबूवाल्यानं कदी नाव नाय टाकू दिलं त्यांना. म्हणायचा, तुझं नाव वाचून कोण तिकीट काढल?’’

संग्रहालयाची गाडी तीन आठवड्यांनी, रविवारी येणार होती. तोवर घराच्या जागी सिमेंट आणि वाळू. पडदा कुठे ठेवायचा असा प्रश्न निघाला, तेव्हा जानकीबाईने तो देवजीच्या हातात दिला. ‘‘भावजींकडं ऱ्हाऊ दे. यांच्या कामाची पारख त्यांच्यावाचून कुणाला?’’

देवजीने तो आणला, शेडमध्ये दोन बाकांवर पसरला, आणि त्याला लाज वाटली. काजळलेला, ओघळ धरलेला, कडेला उंदरांनी कुरतडलेला तो चेहरा मुंबईच्या लोकांपुढे जाणार होता, आणि खाली नाव दादांचं असणार होतं. शिळं तोंड. त्याने कोपऱ्यातले डबे काढले. सरस भिजत घातला. दुपारी चहा घेऊन आलेली कमळ उंबऱ्यातच थांबली.

‘‘जानकीबायला इचारलंत?’’

‘‘दादांच्या कामाला मला इचारायला लागतंय?’’

‘‘दादांचं काम, पन कापड तिचं हाय.’’

‘‘तुला काय कळतंय त्यातलं?’’

‘‘मला कापडातलंच कळतं,’’ कमळ म्हणाली आणि चहा ठेवून गेली.

इथे देवजीच्या बाजूने एवढं म्हणता येईल, की तो जे करत होता ते त्याच्या धंद्याच्या रीतीला धरून होतं, आणि ती रीत खुद्द नथूंची होती. पण रीत पडदा ताजा करायला सांगते. कुठून सुरुवात करायची ते सांगत नाही. देवजीने कापूस ओला केला आणि सर्वांत आधी हनुवटीखालचा हिरवा पुसला. धुराखालीही तो जिवंत होता, ओलं लागताच पालवीसारखा वर आला, म्हणून त्याने तो दोनदा पुसला. मग मानेचा. मग कानामागचा. त्या जागी त्याने गेरूत काजळी घातली. दादांची चूक आता कुणाला दिसणार नव्हती. बाकीचा चेहरा त्याने त्यानंतर, खरोखर फार मायेने, रंगवला. अक्षरांना हात लावला नाही. ती आपली स्वतःची, ती राहिली शिळी तर राहू देत, असं त्याला वाटलं. त्यात त्याला थोडं मोठेपणही वाटलं.

रविवारी कुणाली आली. तिने दारातून पाहिलं आणि चपला काढायची विसरून तशीच आत आली.

‘‘काका, हे काय केलंत?’’

‘‘ताजं केलं. हंगामाला करायचो तसं. ओळखू येत नाय ना?’’

ती पडद्यावर वाकली. नंतर बोलली ती हळू, जणू आजाऱ्याच्या खोलीत उभी आहे.

‘‘खालचा थर राहिलाय का कुठे?’’

‘‘सरसाचं काम. खालचा उठून वरच्यात मिसळतो. तसंच करतात.’’

‘‘म्हणजे वेगळा नाही करता येणार.’’

‘‘नाय.’’

आपण काय केलं ते देवजीला कळलं तेव्हा तिने त्याला काहीच सुनावलं नव्हतं. तिने खाली बसून भिंतीला पाठ टेकली, एवढ्यावरूनच कळलं.

‘‘चूक माझी,’’ ती म्हणाली. ‘‘मी सांगायला हवं होतं, हात लावू नका म्हणून. मला वाटलं...’’ मग तिला काही आठवलं. ‘‘काका, तो हिरवा कुठाय? मानेखालचा? त्या दिवशी उजेड कमी होता, फोटो नीट आला नाही. पण हिरवा मला स्वच्छ आठवतो. असा मी दुसरीकडे कुठेच पाहिलेला नाही.’’

देवजीने पडद्याकडे पाहिलं.

‘‘तो सरसाबरोबर उठला असल,’’ तो म्हणाला.

तिने मान डोलवली. तिचा विश्वास बसला. खोटं इतक्या सहज खपल्यावर माणसाला सुटल्यासारखं वाटायला हवं. देवजीला शेडमध्ये हवा कमी झाल्यासारखी वाटली. कुणाली मात्र उठता उठता म्हणाली, ‘‘गंमत बघा, अक्षरं तेवढी मूळची राहिलीत. सुंदर आहेत.’’ आणि ते स्तुती म्हणून म्हणालेलं वाक्य देवजीच्या कानात तापलेल्या सळईसारखं शिरलं. नथूंचं जे होतं ते त्याने पुसलं होतं, आपलं जे होतं ते राखलं होतं. हेतू नव्हता. पण पडद्याकडे पाहणाऱ्याला हेतू दिसत नाही.

‘‘आजींना मी फोन करते,’’ कुणाली म्हणाली. ‘‘नीट सांगेन. तुम्ही नका जाऊ एवढ्या उन्हात. नाव लिहिताना ‘नथू रोकडे, पुनर्रंजन देवजी भेरे’ असं लिहिता येईल. त्या तयार असतील तर.’’ पडदा तिने तूर्त तिथेच ठेवला. गाडी रिकामी गेली.

म्हणजे देवजीला काहीच करायचं नव्हतं. दोष रीतीवर गेला होता, सरसावर गेला होता, थोडा कुणालीने स्वतःकडे घेतला होता. त्याच्या वाट्याला दोष उरलाच नव्हता. दोन दिवस त्याने एका अंगणवाडीच्या भिंतीवर फळं रंगवली. पेरूच्या सावलीला नीळ आणि पिवडी कालवताना त्याचा हात थांबला, आणि त्याने तो पेरू पिकलेला, पिवळाजर्द केला.

संध्याकाळी कमळने विचारलं, ‘‘कवा जाताय धसईला?’’

‘‘कुणालीनं केलाय फोन.’’

‘‘कुणालीनं तिच्या हातचं खाल्लं होतं काय?’’

सकाळच्या गाडीने तो निघाला. पडद्याची गुंडाळी त्याने किन्हवलीपर्यंत मांडीवर धरली होती. सरळगावला गाडी बदलताना वाहकाने ‘‘चटई हाय का काका?’’ असं विचारलं, तेव्हा तो ‘‘हो’’ म्हणाला.

घरकुलाच्या भिंती उभ्या राहिल्या होत्या, स्लॅबला टेकू होते. जानकीबाई शेजारी ताडपत्रीच्या खोपटात बसली होती. तिने त्याला पाहिलं आणि तो बोलायच्या आधीच हात हलवला.

‘‘बसा भावजी. तोंड कशाला एवढंसं केलंय? कुणालीनं सांगितलं समदं. चा घ्या आदी.’’

‘‘वहिनी—’’

‘‘चा घ्या म्हणते ना. चूक माजीच हाय. चुलीवर कोन बांधील असलं? धुरानं काय ठेवलं होतं त्याच्यात? हे जित्ते असते तर त्यांनीबी फडकं घेऊन तेच केलं असतं.’’

त्याने चहा घेतला. तिने गुंडाळी उलगडली, चेहरा उघडा झाला तशी ती हसली. ‘‘गोरी झाली गो!’’ मग तिचा हात हनुवटीखाली गेला आणि तिथे रेंगाळला. ‘‘हे गेलं तेवढं. कुणाली बोलली, सरसाबरोबर उठलं. उठणारच. किती जुना सरस तो. असूं दे.’’

असूं दे, ती म्हणाली होती. कप खाली ठेवून, शहापूरची गाडी किती वाजता आहे असं विचारून त्याला निघता आलं असतं. तिने खारीची बशी पुढे सरकवली. ती बशी त्याच्या अगदी हाताशी आली होती, हातभर अंतरावर नव्हती. आणि ते त्याला सोसलं नाही.

‘‘उठलं नाय, वहिनी. मी काढलं.’’

‘‘काय काढलं?’’

‘‘हिरवं. आदी तेच पुसलं. मंग बाकीच्याला हात लावला.’’

जानकीबाईने पडदा जवळ ओढला.

‘‘मला वाटलं, म्हमईचे लोक दादांना हसतील,’’ देवजी म्हणाला. बोलायला लागल्यावर थांबता येईना. ‘‘बाईच्या गळ्याला हिरवं कोन टाकतं? पहिल्यापासनं वाटायचं मला. दादांच्या डोळ्यात दोष हाय म्हणून. मी... नीट करून दिलं त्यांचं.’’

‘‘त्यांच्या डोळ्यात?’’

तिने पडद्याची घडी घातली. परत उलगडली. बोलली तेव्हा तिचा आवाज चढला नव्हता.

‘‘फोटूत रंग होता काय, भावजी?’’

‘‘नाय.’’

‘‘मंग त्यांनी कुटनं आणला? तुमी शाळंत असताना मला मांडवाखाली बसवायचे. भात निसवायच्या टायमाला. घोसाळ्याचा वेल असा दाटायचा, ऊन खाली यायचं ते पानातनं गाळून. ‘हलू नको, मान तिकडं कर.’ महेंद्र मांडीवर रडतोय, चुलीवर भात लागतोय. नाक-डोळे त्या फोटूतल्या बाईचे. सावली माजी.’’ तिने हनुवटीखाली बोट लावलं, पडद्याच्या नव्हे, स्वतःच्या. ‘‘हितं पानांचं हिरवं पडायचं. ते टाकायचे त्यांनी. सगळ्या बायांना तेच टाकलं, कुठलाबी सिनेमा असो. लोक हिरोनी बघायचे, मी मला बघायची. हे गेल्यावर दुपारची आडवी झाले की वर तेच. बाकी समदं धुरानं खाल्लं, पन तेवढं हिरवं दिसायचं.’’

देवजीने हातातला कप खाली ठेवला.

‘‘तुमी बी तितंच बसायचात. त्याच मांडवाखाली. भाकरी सोडून. मान वर केली असती तर दिसलं असतं.’’

बाहेर बांधकामावरच्या बायका घमेली आपटत होत्या. जानकीबाईने चेहरा आत येईल अशी पडद्याची घडी घातली आणि ती उठून तांदळाच्या गोणींवर ठेवली.

‘‘कुणालीला सांगा, हे नको. त्या तोंडाखाली यांचं नाव नाय लिवायचं. यांचं नाय ते आता.’’

‘‘माजं बी नको, वहिनी.’’

‘‘तुमची अक्षरं हायेत ना त्याच्यावर? ती जशीच्या तशी हायेत. कापून न्या हवं तर. त्यांना आवडतील.’’

हा टोमणा होता की खरोखरच देऊ केलं होतं, हे देवजीला तेव्हा कळलं नाही आणि नंतरही कळलेलं नाही. तो उठला, चपला शोधू लागला. चपला पायांजवळच होत्या.

‘‘निघालात कुटं?’’ ती म्हणाली. ‘‘मांडवाचे बांबू महेंद्रनं मोडले, स्लॅबच्या टेकूला घेतले. नव्या घरापुढं मांडव घालून द्या मला. घोसाळ्याचं बी हाय माज्याकडं. पेरनीच्या आत झाला पायजे.’’

मांडव देवजीने घातला. बांबू टोकावड्याहून आणले, काथ्याने बांधले. मदतीला महेंद्र येत होता, त्याला त्याने नको म्हटलं. त्या दिवसांत जानकीबाईने त्याला पाणी दिलं, जेवायलाही वाढलं, मात्र पडद्याविषयी एक शब्द काढला नाही. मुंबईचं प्रदर्शन पावसाळ्यात झालं. त्यात धसईचं काही नव्हतं. कुणालीने त्याला आमंत्रण पाठवलं होतं; तो गेला नाही. नथू रोकडे हे नाव आता धसईबाहेर वाचायला मिळेल अशी जागा उरलेली नाही, आणि ती जागा कुणी बुजवली हे ज्याला ठाऊक आहे तो शहापुरात भिंतींवर पेरू रंगवतो.

आश्विनात, भात निसवून लोंब्या बाहेर पडल्या तेव्हा तो पुन्हा धसईला गेला. तिने बोलावलं नव्हतं. मांडव गच्च भरला होता, पिवळी फुलं होती, घोसाळी लोंबत होती. जानकीबाई खाली बसून सुपात तांदूळ निवडत होती. त्याला पाहून तिने सूप बाजूला ठेवलं नाही. ‘‘बसा,’’ एवढंच म्हणाली, आणि काही वेळाने, खडा शोधत असल्यासारखी, तिने मान वळवून हनुवटी किंचित वर केली.

तिथे होता. सुरकुत्यांच्या वळणात, कानाच्या पाळीमागे, गळ्याच्या खाचेत. वारा आला की हलत होता. नीळ थोडी, पिवडी जास्त, आणि सरस अगदी पातळ. देवजीचा उजवा हात गुडघ्यावर आपोआप रंग कालवल्यासारखा फिरला आणि मग थांबला.

‘‘दिसतं काय?’’ तिने विचारलं.

‘‘दिसतं.’’

‘‘एवढ्याला जल्म लावलात,’’ जानकीबाई म्हणाली, आणि तिने सूप पुन्हा हलवायला घेतलं.